‘ओला-पाला’ म्हणजे ओला पाला नव्हे

थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरून डबरा गावाकडच्या शेतावर राहायला गेलो की एक जोडशब्द सारखा कानावर पडायचा, ओला-पाला. घरात मराठी, त्यामुळे मला भिजलेली पानं दिसायची. हिंदीतला ओला म्हणजे आभाळातून पडणारी गार आणि पाला म्हणजे गोठलेलं दहिवर. मध्य प्रदेशच्या महसूल नियमांत, राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ मध्ये, पीकनुकसानीच्या मदतीसाठी दोन्ही शेजारीशेजारी आहेत. दोन्हींनी शेत पांढरं होतं आणि लोक म्हणतात, बर्फ पडला. पण हिमालयासारखा भुरभुरणारा बर्फ ग्वाल्हेरला पडत नाही. पश्चिमेकडून येणारी जी प्रणाली तिकडे हिमवादळ आणते, तीच आमच्याकडे मावठा देते, कधी गाराही.

गार ढगात तयार होते. उंच ढगात वर चढणारा वारा थेंबांना पुन्हापुन्हा गोठणाऱ्या थरात उचलतो, बर्फाची पुटं चढतात आणि वजन पेलेनासं झालं की ती कोसळते. बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारनंतर, काही मिनिटांत. आमची मोहरी झोडपली जायची आणि बांधापलीकडे एक शेंगही तुटलेली नसायची. गारा थांबाव्यात म्हणून आजी तवा अंगणात उलटा टाकायची. त्यापलीकडे कुणाच्या हाती काही नसे.

पाला मात्र ‘पडतो’ म्हणतात तरी वरून येत नाही. मावठा सरून आभाळ निरभ्र झालं, वारा थांबला की जमीन आणि पानं आपली ऊब रात्रभर आकाशात सोडत राहतात. हवामान केंद्रातला तापमापक सव्वा मीटर उंचीवर असतो. तो ३-४ अंश दाखवत असला तरी खाली पान शून्यावर पोचलेलं असतं. पानातलं पाणी गोठून पेशी निकामी होतात. सकाळी वाटाण्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसायचं, दुपारी तीच पानं शिजवल्यासारखी काळी. गहू पुष्कळ सोसतो. वाटाणा, बटाटा, तूर यांना सोसवत नाही.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत आजोबा जेवण झालं की आधी अंगणात जाऊन चांदण्या बघायचे. त्या फारच लखलखत असल्या तर घर जागं राहायचं. वायव्येच्या बांधावर ओलसर काडीकचऱ्याचे ढीग धुमसत ठेवायचे, विहिरीवरचं इंजिन सुरू करायचं. माझ्या मते खरा आधार पाण्याचाच. हिवाळ्यातही विहिरीचं पाणी कोमट असतं, आणि ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. मी कंदील धरून उभी असायची. आत्या गोवऱ्यांच्या शेकोटीपाशी बसायची आणि दर थोड्या वेळाने आम्हाला हात शेकायला बोलवायची.

एका पहाटे चारच्या सुमाराला लिंबाची पानं सळसळली. वारा सुटला की वरची उबदार हवा खाली मिसळते, पाला धरत नाही. आजोबांनी इंजिन बंद केलं, माझ्या हातातून कंदील घेतला आणि म्हणाले, “वारा आला. जा, झोप आता.”