मोठा ईएससी मोटर जाळत नाही

नाशकात गंगापूर रोडकडे रिमोटवर चालणारी फोमची विमानं उडवणाऱ्या पोरांना हमखास मिळणारा सल्ला: बारा अँपिअरच्या मोटरला तीसचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) लावू नको, मोटर जळेल. हे खरं नाही. तीस ही ईएससीची सहनशक्ती. तो करंट मोटरमध्ये ढकलत नाही. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावतोच की! करंट ठरतो तो बॅटरीचे व्होल्ट, मोटरचा केव्ही (भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) आणि प्रॉपेलर यांवरून. मोटर जळते ती बहुधा मोठ्या प्रॉपमुळे, किंवा टू-एसवर (दोन सेलच्या बॅटरीवर) बेतलेल्या जोडणीला थ्री-एस (तीन सेलची) लावल्यावर. मोठ्या ईएससीचा तोटा एवढाच, वजन आणि किंमत थोडी जास्त. उलट लहान ईएससीच आधी तापतो. वॉटमीटर लावून फुल थ्रॉटलला करंट मोजा, त्यावर वीसेक टक्के जास्तीचे धरून तेवढा ईएससी घ्या.