निदान एकच, माणसं निराळी

‘डिप्रेशनवर सीबीटीच (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) सगळ्यात चांगली ना?’ हल्ली हा प्रश्न सर्रास कानावर येतो. यात गृहीत धरलेलं असतं की डिप्रेशन झालेली सगळी माणसं आतून सारखीच असतात.

डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेत नैराश्याची ९ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान ५ हवीत, आणि त्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. कागद घेऊन मोजलंत तर निकषात बसणारे २२७ संच निघतात. पाच-पाच लक्षणांच्या दोन रुग्णांमध्ये कधी कधी एकच लक्षण सामाईक असतं. वर झोप उडणं आणि झोपून राहणं दोन्ही एकाच खान्यात! फ्रीड आणि नेस या संशोधकांनी २०१५ मध्ये ३,७०३ रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच सापडले.

पण खरी गंमत पुढेच आहे. शंभर जणांना टाइप करायला बसवा. ज्यांचा वेग जास्त, त्यांच्या चुका कमी निघतील, कारण त्यांचा हात बसलेला असतो. म्हणून उद्या तुम्ही वेग वाढवलात, तर तुमच्या चुका कमी होतील का? उलट वाढतील. माणसा-माणसांतला संबंध आणि एकाच माणसात घडणारा संबंध अशा उलट्या दिशांना जाऊ शकतो. समूहाची सरासरी व्यक्तीला जशीच्या तशी लावायची तर प्रक्रिया ‘अर्गोडिक’ असावी लागते: सगळ्यांची बदलत जाण्याची रीत एकच हवी आणि प्रत्येकाची सरासरी व चढउतारांचं प्रमाण काळाबरोबर स्थिर हवं. मन या दोन्ही अटी मोडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर मोलेनार यांनी २००४ मध्येच ठासून मांडलं होतं.

मग एकाच माणसाला वारंवार मोजायचं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ॲरन फिशर यांनी रुग्णांना फोनवर दिवसातून चार वेळा, महिनाभर प्रश्न विचारले. आत्ता चिंता किती? थकवा? कुणाला टाळलंत का? या वेळची चिंता पुढच्या वेळच्या टाळाटाळीशी जोडून पाहिली, की आधी काय हलतं आणि मागून काय, याचा अंदाज येतो. समजा, एकीची झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी काळजी वाढते. दुसऱ्याच्या डोक्यात आधी काळजी घोळते आणि मग झोप उडते. निदान दोघांचं एकच. पण पहिलीला आधी झोपेचं वेळापत्रक लावून द्यायचं, दुसऱ्याच्या काळजीला आधी हात घालायचा. (मागून येणारं ते कार्य आणि आधीचं ते कारण, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. दोन्हींमागे तिसरंच काही असू शकतं.)

पाच प्रश्नांत ‘तुमचा मानसिक प्रकार’ सांगणारी ॲप्स अशा मोजणीत मोडत नाहीत. ती सुधारून वाढवलेली राशिभविष्यं आहेत.

माणूस पाहून उपचार ठरवल्याचा फायदा होतो, पण माफक. इंग्लंडमधल्या २०२२ च्या एका चाचणीत कुणाला सौम्य आणि कुणाला सखोल उपचार द्यायचे, हे रुग्णाच्या माहितीवरून आधीच ठरवलं. नैराश्यात ठोस सुधारणा झाली सुमारे ५२ टक्के जणांत. आधी सौम्य, मग गरजेनुसार सखोल या नेहमीच्या पद्धतीत ४५ टक्के. फिशर यांच्या वाटेने जायचं तर अडचण वेगळीच: ज्याला अंघोळीला उठणंही जड जातं, त्याने महिनाभर दिवसातून चार वेळा फोनवर उत्तरं द्यायची.