काँगो ताप

गोचिडांमार्फत जनावरांत फिरणारा आणि क्वचित माणसाला होणारा विषाणुजन्य रोग. पूर्ण नाव क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. विषाणू नैरोव्हिरिडी कुलातील असून मुख्य वाहक हायलोमा प्रजातीचे गोचीड होत. गाय, शेळी, मेंढी यांच्या रक्तात तो साधारण आठवडाभर राहतो. जनावर मात्र आजारी दिसत नाही. माणसात एकाएकी ताप, अंगदुखी आणि पुढे रक्तस्राव होतो. मृत्यूचे प्रमाण १० ते ४० टक्के सांगतात. रिबाव्हिरिन हे औषध देतात, पण त्याच्या उपयुक्ततेबद्दल एकमत नाही.

१९४४ मध्ये क्रिमियातील सोव्हिएत सैनिकांत हा ताप आढळला, १९५६ मध्ये काँगोतील एका रुग्णापासून विषाणू वेगळा केला गेला आणि १९६९ च्या सुमारास दोन्ही एकच ठरले. मध्य आशियातील १२ व्या शतकाच्या एका वैद्यकग्रंथातील रक्तस्रावी आजार हाच, असे काही अभ्यासक मानतात. केवळ लक्षणांवरून असे म्हणणे धाडसाचे.

भारतातील पहिला निश्चित उद्रेक जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात झाला. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात दगावले. विषाणू तेव्हाच देशात आला काय, यावर वाद आहे. तेथील विषाणूचे ताजिकिस्तानातील वाणाशी साम्य दिसल्याने जनावरांच्या व्यापारातून किंवा स्थलांतरित पक्ष्यांवरील गोचिडांतून तो आला असावा, असा एक पक्ष आहे. परंतु १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतच भारतीय माणसांत व पाळीव जनावरांत या गटातील विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी; संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण) मिळाली होती. २०११ नंतरच्या पाहण्यांत ती अनेक राज्यांतील जनावरांत आढळली. त्यामुळे विषाणू येथे बराच आधीपासून असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. साम्य नाते दाखवते, आगमनाची तारीख नव्हे.

मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण म्हणजे १९७१ मध्ये सुरू झालेला देवनारचा कत्तलखाना. बकरी ईदपूर्वी येथे राजस्थान, गुजरातकडचे बोकडही ट्रकांनी उतरतात. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेतील रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यात सावधगिरीचा इशारा देण्यात आला होता. शिजवलेल्या मटणातून हा रोग होत नाही; धोका ताज्या रक्ताशी संबंध येणाऱ्या खाटकांना, कातडी सोलणाऱ्यांना आणि गोचीड बोटांनी चिरडणाऱ्यांना असतो. खात्रीच्या निदानासाठी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जातात.