पायऱ्यांच्या विहिरी आणि नारू

महाशिवरात्रीला जुन्या बारवांत दिवे लावायची रीत महाराष्ट्रात अलीकडे चांगली रुजली आहे. झाडून लखलखीत केलेल्या त्या दगडी पायऱ्या पाहून ऊर भरून येतो. पण याच पायऱ्यांनी एके काळी घरोघरी नारू, म्हणजे माणसाच्या अंगात वाढून कातडीतून बाहेर येणारा जंत, पोचवला, हे आता जुन्या माणसांनाच आठवत असेल.

नारूची मादी दोऱ्यासारखी बारीक आणि मीटरभर लांब असते. पोटरीला किंवा घोट्याला फोड येतो, पायाची आग आग होते. ती शमवायला माणूस पाण्यात पाय बुडवतो आणि तेवढ्यात मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव त्या गिळतात. मग कुणी तिथेच पायरीवर वाकून घागर भरते. ते पाणी पिणाऱ्याला जवळजवळ वर्षभर काहीच कळत नाही.

सायक्लॉप्सचा हा धागा रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात शोधला. औषध मात्र आजही नाही, लसही नाही. बाहेर डोकावलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोट-दोन बोटं ओढायचं, हाच उपाय. घाई केली आणि नारू आत तुटला, की पाय सुजून पिकायचा. ऐन कामाच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा.

म्हणून १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा सगळा भर पाण्यावर होता. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण होते. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे रसायन टाकलं, घरोघरी पाणी गाळायला कापड दिलं. माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं काम कठड्याचं. पोहरा वरून सोडला की पायाचा पाण्याशी संबंधच उरत नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ मध्ये माणसांतले रुग्ण उरले अवघे १४. आफ्रिकेतल्या चाडमध्ये मात्र तो कुत्र्यांत शिरला आहे. तिथले गावकरी नारू निघालेलं कुत्रं दावणीला बांधून ठेवतात, तळ्यात उतरू देत नाहीत.