ठोकळ्याकडून पोकळीकडे

भौमितिक चित्र समोर ठेवून शिल्पाचं मॉडेल करायला बसलं, की पहिला मोह होतो तो चित्रातल्या आकारांना जाडी देण्याचा. चौकोनाचा ठोकळा, वर्तुळाचा गोळा. गेल्या शतकातले शिल्पकार मात्र नेमके या ठोकळ्यापासूनच दूर जात राहिले.

सुरुवात साध्या पुठ्ठ्याने झाली. १९१२ मध्ये पिकासोने पुठ्ठा, कागद आणि दोरा जोडून एक गिटार केली. खऱ्या गिटारीत जिथे भोक असतं, तिथे त्याने पुढे आलेली नळी बसवली. दगड कोरायचा किंवा माती थापायची, या जुन्या दोन वाटांना इथे तिसरी मिळाली: कापायचं आणि जोडायचं. तीच गिटार त्याने १९१४ मध्ये पत्र्यात केली.

ही वाट तर्कशुद्धपणे पुढे नेली ती नाऊम गाबो या रशियन शिल्पकाराने. म्युनिकमध्ये त्याने अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं होतं. १९२० मध्ये भाऊ अंतोन पेव्हस्नरसह काढलेल्या जाहीरनाम्यात, शिल्पातला अवकाश वस्तुमानाने मोजायचा नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे ती समजावण्यासाठी त्याने दोन घन शेजारी ठेवले. पहिला चारही बाजूंनी बंद. दुसऱ्याच्या बाजू काढून टाकलेल्या. वरखाली चौरस, आणि आत कर्णांवर उभ्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन पाट्या. आकार तोच, पण दुसऱ्यात नजर आत शिरते. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन घन एकदा तरी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यात करून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. वाचून जे समजत नाही, ते कात्री चालवताना उमगतं.

त्याच १९२० मध्ये तात्लिन या दुसऱ्या रशियन कलाकाराने तिरप्या, सर्पिल मनोऱ्याचं मॉडेल मांडलं. प्रत्यक्ष मनोरा ४०० मीटर उंच व्हायचा होता. तो कधीच उभा राहिला नाही, पण कल्पना टिकली ती मॉडेलमुळेच.

चित्रातून शिल्पाकडे जाण्याची सगळ्यात सुंदर वाट मला ब्राझीलच्या लिजिया क्लार्कची वाटते. ती मुळात भौमितिक चित्रं करायची. कॅनव्हास आणि चौकट यांच्या मधल्या बारीक फटीकडे १९५४ च्या सुमारास तिचं लक्ष गेलं. ही रेघ कुणी काढलेली नव्हती; दोन पृष्ठभाग भेटले म्हणून ती आपोआप उमटली होती. १९६० मध्ये क्लार्कने धातूचे सपाट तुकडे बिजागऱ्यांनी जोडले, तेव्हा त्या रेघेची बिजागरी झाली. बघणाऱ्याने हातात घेऊन दुमडलं, की शिल्प दुसराच आकार घेई.