हाडांच्या शस्त्रक्रियेचे संगणकीय मॉडेलिंग : पीएचडीचा अर्ज कोणी, कुठे आणि कसा करायचा

‘ऑर्थोपेडिक मॉडेलिंगमध्ये पीएचडी’ या नावाचा प्रवेश अर्ज शोधत बसलात तर बहुतेक ठिकाणी तो सापडणार नाही. मणक्यातला स्क्रू कोणत्या कोनात बसवला तर सैल पडणार नाही, कृत्रिम गुडघ्यावर मांडी घालून बसताना किती ताण येतो, कर्करोगामुळे मांडीच्या हाडाचा तुकडा काढावा लागला तर तिथे बसवायचे रोपण कसे असावे, हे प्रश्न संगणकावर सोडवण्याचे काम भारतात होते. पण ते एका संस्थेत मेकॅनिकल विभागात चालते, दुसरीकडे बायोमेडिकलमध्ये, तिसरीकडे अप्लाइड मेकॅनिक्समध्ये. विभाग बदलला की पात्रता, गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचा पेपर आणि मुलाखतीतले प्रश्नही बदलतात. म्हणून आधी विभाग ठरवा, कागदपत्रे मग.

विभाग कसा ठरवायचा

या संशोधनाचे ढोबळ टप्पे असे. रुग्णाच्या सीटी स्कॅनमधून हाडाचा त्रिमितीय आकार वेगळा काढायचा, याला सेगमेंटेशन म्हणतात. स्कॅनमधल्या करड्या छटांवरून हाडाची घनता आणि घनतेवरून ताठरपणा काढायचा. मग त्या आकाराचे हजारो-लाखो छोटे घटक करून प्रत्येकावरचा ताण मोजायचा, म्हणजेच फायनाइट एलिमेंट पद्धत. हाडांसाठी ही पद्धत १९७२ पासून वापरात आहे. शेवटी स्नायू आणि सांध्यांवरची बले हवीत, त्यासाठी चालण्याची मोजमापे आणि ओपनसिमसारखी सॉफ्टवेअर लागतात.

यातला कोणता टप्पा तुमचा? ताण-विकृतीचे गणित आवडत असेल तर मेकॅनिकल किंवा अप्लाइड मेकॅनिक्स. सेगमेंटेशनचे नवे अल्गोरिदम लिहायचे असतील तर कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रिकल. रुग्णालयाशी सतत संबंध ठेवून काम करायचे असेल तर बायोमेडिकल.

आयआयटी मुंबईत मेकॅनिकल आणि बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग हे दोन्ही विभाग पाहावेत. वैद्यकीय उपकरणे विकसित करणारे बेटिक हे केंद्रही २०१४ पासून तिथेच आहे. आयआयटी खरगपूरला मेकॅनिकलखेरीज स्कूल ऑफ मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे. आयआयटी दिल्लीचे बायोमेडिकल केंद्र एम्सच्या जोडीने चालते. आयआयटी मद्रासचा अप्लाइड मेकॅनिक्स अँड बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभाग, आयआयटी हैदराबादचा बायोमेडिकल विभाग आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्थाही यादीत ठेवा. महाराष्ट्रात राहूनच करायचे असेल तर नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ तपासून बघा. मात्र तिथे या विषयाचा गाइड आहे का, हा पहिला प्रश्न. संस्थेचे नाव मोठे आणि गाइड इंजिनच्या ज्वलनावर काम करणारा, असे झाले तर पाच वर्षे अवघड जातात.

पात्रता

आयआयटीतल्या पीएचडीसाठी एमटेकला प्रथम वर्ग, म्हणजे साधारण ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्के सवलत असते. थेट बीटेकवरून पीएचडीला जाता येते, पण त्यासाठी चांगले गुण आणि वैध गेट स्कोअर हवा. आयआयटीतून ८ किंवा त्याहून जास्त सीपीआयने (दहापैकी सरासरी ग्रेड) बीटेक झालेल्यांना गेटची अट सहसा नसते.

गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे वैध राहतो. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मार्चमध्ये. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर, बीएम, २०२० पासून आहे. तरी माझे मत असे, की फायनाइट एलिमेंट करायचे असेल तर एमई (मेकॅनिकल) पेपर द्यावा, किंवा एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरात सॉलिड मेकॅनिक्स घ्यावे. या पेपरांवर मेकॅनिकलकडचा रस्ता बंद होत नाही आणि बऱ्याच बायोमेडिकल विभागांतही ते चालतात. उलट बाजूने, म्हणजे बीएम पेपरवर मेकॅनिकलकडे जाताना, इतकी मोकळीक नसते. कोणता पेपर चालतो याची यादी विभागाच्या माहितीपत्रकात असते. ती यादी पाहूनच पेपर निवडा.

राज्य विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ चे पीएचडी विनियम लागू आहेत. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण लागतात आणि राखीव गटांना पाच टक्के सूट मिळते. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा, आणि त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळतात. याच विनियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेला गाइड नवा विद्यार्थी घेऊ शकत नाही. गाइडला पत्र लिहिण्याआधी या दोन गोष्टी चौकशी करून कळतात, आणि कळल्या तर बराच वेळ वाचतो.

डॉक्टरांसाठी

एमएस ऑर्थोपेडिक्स झालेल्यांना बऱ्याच बायोमेडिकल विभागांत अर्ज करता येतो. एमबीबीएसवाल्यांना गेट देता येते. खरगपूरला एमबीबीएसनंतरचा तीन वर्षांचा मास्टर ऑफ मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी अभ्यासक्रम आहे. गणिताशी बारावीनंतर संबंध तुटलेल्यांसाठी तो थेट पीएचडीपेक्षा शहाणपणाचा.

प्रॅक्टिस किंवा नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी यूजीसीच्या विनियमांत बसते, पण मालकसंस्थेची एनओसी लागते. तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळे केले जाईल. रुग्णालयाचे प्रशासन बहुधा फक्त ‘हरकत नाही’ एवढेच लिहून देते. म्हणून मजकूर स्वतः तयार करून सहीला ठेवलेला बरा.

पैसे कुठून

आयआयटीत अर्ज करताना प्रवेशाचा प्रकार निवडावा लागतो आणि पैशांचा हिशेब इथेच ठरतो. टीचिंग असिस्टंटशिप असलेल्यांना संस्थेकडून विद्यावेतन मिळते. प्रकल्पातून येणाऱ्यांना प्रकल्पाच्या निधीतून मिळते आणि प्रकल्प संपला की तेही थांबू शकते. त्यामुळे प्रकल्पाची मुदत किती उरली आहे ते मुलाखतीच्या दिवशी सरळ विचारा, त्यात संकोच नको. याखेरीज बाहेरची फेलोशिप घेऊन येणारे, कंपनीने पाठवलेले आणि नोकरीच्या ठिकाणीच संशोधन करणारे बाह्य उमेदवार असे प्रकार असतात.

केंद्र सरकारच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे (जेआरएफ) दर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये झाले. वसतिगृहात राहिलात तर घरभाडे भत्ता मिळत नाही. पंतप्रधान संशोधन फेलोशिप २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हाच तिची रक्कम पहिल्या दोन वर्षांना ७०,००० आणि शेवटच्या दोन वर्षांना ८०,००० अशी होती, शिवाय वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी १०,००० फेलोशिपची घोषणा झाली. अर्ज करताना त्या वेळची अधिसूचना प्रमाण माना.

राज्य विद्यापीठात नोंदणी केली तर विद्यापीठाकडून सहसा नियमित विद्यावेतन नसते. तिथे अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागास, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती यांच्या फेलोशिप उपयोगी पडतात. या तिन्हींकडे पीएचडीची नोंदणी आधी आणि फेलोशिपचा अर्ज नंतर, असा क्रम आहे. महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र आणि संबंधित जातीचे दाखले आधीच काढून ठेवा.

कागदपत्रे, आणि नेहमी अडणारी दोन

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीची सगळी सत्रे, प्रोव्हिजनल किंवा पदवी प्रमाणपत्र, गेटचे स्कोअरकार्ड, ओळखपत्र, फोटो, सही, हे सगळ्यांना माहीत असते. अडते ते दोन ठिकाणी.

पहिले, ओबीसीचा दाखला. महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातले नॉन-क्रिमिलेयर केंद्रीय संस्थांत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तोही बहुधा चालू वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेला. शिवाय तुमची जात राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसू शकते, ते आधी तपासा. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे राज्याचे आरक्षण आहे, आयआयटीत ते लागू नाही. त्या उमेदवारांनी ईडब्ल्यूएसच्या अटींत आपण बसतो का ते पाहावे, आणि तिथेही दाखला केंद्राच्याच नमुन्यातला.

दुसरे, सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर. विद्यापीठाचे अधिकृत सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेले नसेल तर परीक्षा विभागाकडून पत्र घ्यावे लागते. स्वतः दहाने गुणून टाकलेला आकडा छाननीत पकडला जातो. हे पत्र आणि ट्रान्सक्रिप्ट यांना आपल्याकडच्या विद्यापीठांत वेळ लागतो, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता मागणी करून ठेवा. आयआयटी मुंबईचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्रासाठी. एक फेरी हुकली तरी सहा महिन्यांत दुसरी येते.

संशोधनाचे निवेदन

अर्जातला हा एकच कागद असा आहे, जो दुसऱ्या कोणाचाही अर्ज तुमच्यासारखा होऊ देत नाही. तरी बहुतेक जण तो शेवटच्या रात्री लिहितात. ‘मला कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करून सांधेरोपणात क्रांती घडवायची आहे’ हे वाक्य निवड समितीने शेकडो वेळा वाचलेले असते.

त्याऐवजी एक प्रश्न निवडा आणि तो मोजता येईल इतका लहान करा. उदाहरणार्थ, पूर्वी रूढ झालेल्या कृत्रिम गुडघ्यांची मापे मुख्यतः पाश्चात्त्य शरीरांवरून घेतलेली होती. आपल्याकडे लोक जेवायला मांडी घालतात, शेतात निंदणीला उकिडवे बसतात, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरतात. इतका गुडघा वाकवल्यावर प्लॅस्टिकच्या भागावर दाब कुठे एकवटतो? हा प्रश्न फायनाइट एलिमेंटने तपासता येतो. लगेच पुढचे लिहा : स्कॅन कुठून मिळतील, बले कोणत्या स्रोतातून घेणार, आणि मॉडेलचे उत्तर बरोबर आहे हे कशाशी ताडून पाहणार. शेवटच्या मुद्द्यावर समिती जास्त रेंगाळते. वैद्यकीय उपकरणांच्या मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा याचे एएसएमई या अमेरिकी मेकॅनिकल अभियंता संघटनेचे व्ही अँड व्ही ४० हे मानक २०१८ पासून आहे. ते वाचून दोन ओळी लिहिल्यात तर अर्ज वेगळा दिसेल.

रुग्णांचे स्कॅन वापरायचे तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती रुग्णालयाचीही आणि तुमच्या संस्थेचीही असू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आधाराला घ्या. नावे काढून टाकलेल्या जुन्या स्कॅनना सोपी वाट मिळू शकते, पण ते ठरवणे समितीचे काम आहे, तुमचे किंवा सर्जन मित्राचे नाही. ‘ओळखीच्या हॉस्पिटलमधून डेटा मिळेल’ असे निवेदनात लिहू नका. आणखी एक तांत्रिक बाब : नेहमीच्या एमआरआयचे काप तीन-चार मिलिमीटर जाडीचे असतात, त्यातून नीट त्रिमितीय आकार निघत नाही. हे तुम्हाला माहीत आहे एवढे निवेदनातून दिसले तरी पुरे.

लेखी परीक्षा आणि मुलाखत

विभाग छोटी लेखी परीक्षा घेतात, मग मुलाखत. मेकॅनिकलमध्ये ताणाचा टेन्सर, बीमचे वाकणे, रेषीय समीकरणे, थोडे कोडिंग. बायोमेडिकलमध्ये एखादे मुक्त-पिंड आरेख, म्हणजे एका भागावरची सगळी बले दाखवणारी आकृती, काढायला सांगतात. एका पायावर उभे राहिल्यावर खुब्याच्या सांध्यावर किती बल येते हा जुना, आवडता प्रश्न आहे. उत्तर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट असे येते, कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू फार लहान तरफेवर ओढत असतात. यालाच जोडून पुढचा प्रश्न येतो : काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची की दुसऱ्या? दुसऱ्या. का, ते आकृती काढून सांगता आले पाहिजे.

सॉफ्टवेअरची नावे पाठ करून जाऊ नका. अबॅकस किंवा अन्सिस या फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरचा परवाना नसेल तर त्याच कामाचे फेबायो आणि सेगमेंटेशनचे थ्रीडी स्लाइसर फुकट मिळतात. त्यात एका हाडाचे मॉडेल स्वतः करून, घटकांची जाळी बारीक केल्यावर उत्तर किती बदलले हे दाखवता आले तर मुलाखतीचा रोखच पालटतो.

परदेशी जायचे असेल तर

युरोपात या विषयाची जाहिरात बहुधा नोकरीसारखी निघते : विषय, गाइड, पगार आणि मुदत ठरलेली. बेल्जियमचे ल्यूव्हेन विद्यापीठ, स्वित्झर्लंडमधले ईटीएच झुरिच आणि बर्न विद्यापीठाचे आर्टॉर्ग केंद्र, ब्रिटनमध्ये शेफील्डची इन्सिग्निओ संस्था आणि युरोपाबाहेर न्यूझीलंडची ऑकलंड बायोइंजिनिअरिंग संस्था ही या क्षेत्रातली ओळखीची ठिकाणे.

युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधली पदे कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली असतात. अटी दोन : आधी पीएचडी झालेली नसावी आणि भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य वा काम झालेले नसावे. म्हणजे दोन वर्षे जर्मनीत एमएस करून लगेच जर्मनीतल्याच पदाला अर्ज केलात तर बाद. त्याच नेटवर्कमधले बेल्जियमचे पद मात्र चालेल. जाहिराती युराक्सेस या संकेतस्थळावर येतात. सीव्ही, प्रेरणापत्र, ट्रान्सक्रिप्ट आणि दोन-तीन शिफारसकर्त्यांचे संपर्क मागतात. काही ठिकाणी पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते आणि त्याआधी राज्यस्तरावरची पडताळणी.

ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या पैशातल्या जागांपैकी जास्तीत जास्त ३० टक्केच परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात, त्यामुळे चुरस मोठी. मेकॅनिकलसारख्या काही विषयांत भारतीय नागरिकांना व्हिसाआधी एटास हे मंजुरीपत्र घ्यावे लागते. त्यासाठी संशोधनाचा आराखडा विद्यापीठाकडून घेऊन जोडायचा असतो. ऑफर हातात आल्याबरोबर तो मागून घ्या, कारण एटास आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.