आठ-बिटी घरगुती संगणकांचे इम्युलेशन

जुन्या आठ-बिटी (एका वेळी आठ बिटांवर काम करणाऱ्या) घरगुती संगणकाचे वर्तन नव्या यंत्रावर प्रोग्रामच्या साहाय्याने हुबेहूब घडवून आणण्याची पद्धत. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. लॅपटॉप, मोबाइल, रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणक किंवा नुसता ब्राउझर असला, तरी झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, कमोडोर ६४ वा ॲपल २ साठी लिहिलेला प्रोग्राम त्यावर एकही बाइट न बदलता चालवता येतो. जुना खेळ नव्या भाषेत पुन्हा लिहून काढणे हे वेगळे काम. इम्युलेशनमध्ये प्रोग्राम मूळचाच राहतो आणि त्याच्याभोवतीचे यंत्र तेवढे नव्याने उभे केले जाते.

ॲपल २ (१९७७), बीबीसी मायक्रो (१९८१) आणि कमोडोर ६४ (१९८२) यांचे प्रोसेसर ६५०२ या कुळातले होते. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी सिंक्लेअर कंपनीने जाहीर केलेल्या स्पेक्ट्रममध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर होता. १६ किलोबाइट रॉम (कायम कोरलेल्या प्रोग्रामची मेमरी) आणि १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम (कामापुरती मेमरी). पडदा म्हणून घरचाच टीव्ही, प्रोग्राम साठवायला घरचाच टेपरेकॉर्डर. भारतात १९८४-८५ पासून 'क्लास' या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पाद्वारे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. पुढे पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम+' बाजारात आणला. मराठी घरांच्या दृष्टीने स्पेक्ट्रमचे महत्त्व त्यामुळे वेगळे आहे, आणि या नोंदीतील उदाहरणेही मुख्यतः त्याचीच आहेत.

एका यंत्राने दुसऱ्याची भूमिका वठवणे ही कल्पना घरगुती संगणकांहून जुनी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली तेव्हा जुन्या १४०१ चे प्रोग्राम तिच्यावर चालावेत अशी सोय केली होती. ग्राहकांचे आधीचे काम वाया जाऊ नये हा हेतू. १९७५ मध्ये पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक ही प्रोग्रामिंग-भाषा लिहिली, त्या वेळी त्यांच्यासमोर अल्टेअर नव्हताच. ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरचे सोंग उभे केले आणि बेसिक त्यावर तपासले. घरगुती यंत्रांच्या बाबतीत ही लाट १९९० च्या दशकात आली, कारण आठ-बिटी यंत्राचा वेग गाठण्याइतके बळ साध्या पीसीमध्ये तेव्हा आले. कमोडोरसाठी व्हाइस, बीबीसीसाठी बीबेम आणि स्पेक्ट्रमसाठी फ्यूज हे त्या दशकात सुरू झालेले इम्युलेटर आजही वापरात आहेत. आता जेएसबीब आणि जेएसस्पेकीसारखे इम्युलेटर काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये चालतात.

इम्युलेटरचा गाभा सोपा वाटतो: मेमरीतून एक आज्ञा उचलायची, ती ओळखायची, रजिस्टरांवर (प्रोसेसरच्या आतील छोट्या साठ्यांवर) तिचा परिणाम करायचा, पुढच्या आज्ञेकडे जायचे. जाणकार प्रोग्रामर हे काही दिवसांत लिहू शकतो. खरा कस त्यानंतर लागतो. झेड८० च्या एफ रजिस्टरमधील बिट ३ आणि बिट ५ यांचा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत काही उपयोग दिलेला नव्हता, तरी प्रत्यक्ष चिपमध्ये ते प्रत्येक गणितानंतर ठरावीक रीतीने बदलतात. चांगला इम्युलेटर तेही पाळतो, आणि पाळतो की नाही हे तपासण्यासाठी झेक्सऑलसारखे चाचणी-प्रोग्राम आहेत.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे वेळ. ४८के स्पेक्ट्रमच्या पडद्याच्या एका फ्रेममध्ये (एका पूर्ण चित्रात) ३१२ रेषा असतात आणि प्रत्येक रेषेला प्रोसेसरच्या घड्याळाचे २२४ ठोके लागतात. म्हणजे एका फ्रेमला ६९,८८८ ठोके आणि सेकंदाला सुमारे ५० फ्रेम. चित्र काढणारी यूएलए ही चिप आणि प्रोसेसर दोघेही १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांवरची मेमरी वाटून वापरतात. चित्र काढणे चालू असताना प्रोसेसर तिथे गेला, तर यूएलए त्याला कधी सहा ठोके थांबवते, कधी पाच, कधी अजिबात नाही. प्रोग्रामर हे हिशेब मांडून पडद्याच्या कडेवर रंगीत पट्टे काढत असत. इम्युलेटरचा एक ठोका जरी चुकला तरी ते पट्टे वाकडे होतात. म्हणूनच इम्युलेटरची पारख करताना खेळ 'चालतो' एवढ्यावर समाधान मानू नये.

ब्रिटनप्रमाणे भारतातही टीव्हीची पाल पद्धत ५० हर्ट्झची होती. आजचे बहुतेक लॅपटॉप ६० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे सेकंदाला पन्नास चित्रे साठ जागांत बसवावी लागतात आणि सरकणारे चित्र गचके खाते. मॉनिटरला ५० किंवा १०० हर्ट्झची सोय असेल तर ती निवडावी; फरक लगेच डोळ्यांना जाणवतो.

कीबोर्डपाशी नवखा माणूस हमखास अडतो. स्पेक्ट्रमवर टेपवरचा प्रोग्राम मेमरीत आणणारा लोड हा शब्द अक्षरे जुळवून लिहायचा नसतो. 'जे' दाबले की अख्खा शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून 'पी' दोनदा दाबले की दोन अवतरणचिन्हे येतात, आणि शेवटी एंटर. सिम्बॉल शिफ्टसाठी नव्या कीबोर्डवरची कोणती कळ ठेवायची हे प्रत्येक इम्युलेटर आपापले ठरवतो, म्हणून त्याची कळ-सूची आधी पाहून घ्यावी.

मराठी वाचकाला रमवणारी एक गोष्ट या यंत्रात आहे. त्यात वापरणाऱ्याने स्वतः आखायची २१ अक्षरचित्रे असतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचे. त्यासाठी ४८के यंत्राच्या मेमरीत ६५३६८ या पत्त्यापासून जागा राखलेली आहे. तिथे ओळीने २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ० हे आठ आकडे पोक या आज्ञेने भरले की 'प' तयार होतो. पहिला आकडा २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, अर्थात शिरोरेखा. ती चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात असल्याने शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेला आपोआप जुळते. वेलांटी आणि मात्रा मात्र शिरोरेखेच्या वर जातात आणि तिथे ठिपका शिल्लक नसतो. त्यांना वरच्या ओळीतली चौकट द्यावी लागते. एकवीस चित्रांत मराठी मावत नाही. तेव्हा २३६०६ आणि २३६०७ या पत्त्यांवरचा निर्देश बदलून ९६ अक्षरांचा अख्खा संच आपल्या संचाकडे वळवता येतो. इम्युलेटरवर हे सारे आजही तसेच करता येते, आणि देवनागरी लिपीची घडण समजून घ्यायला याहून चांगला अभ्यास क्वचितच मिळेल.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि १९९९ मध्ये त्या कंपनीने स्पेक्ट्रमची रॉम इम्युलेटरसोबत वाटण्यास परवानगी दिली. हक्क कंपनीकडेच राहिले. इतर यंत्रांच्या रॉमबद्दल असे गृहीत धरू नये. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार कायदेशीरपणे आपल्याकडे असलेल्या प्रोग्रामची सुरक्षिततेसाठी प्रत करता येते. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचा तर प्रश्नच नाही.

आणि स्वतः लिहिलेले प्रोग्राम हीच आज सर्वांत निकडीची बाब आहे. इंग्लंड-अमेरिकेतले गाजलेले खेळ जगभरच्या हौशी संग्राहकांनी केव्हाच जतन केले आहेत. बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात कोणी शाळकरी वयात लिहिलेला पाढ्यांचा, पंचांगाचा वा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा प्रोग्राम दुसरे कोणी जपणार नाही. अशी कॅसेट माळ्यावर भावगीतांच्या कॅसेटमध्ये मिसळलेली असू शकते. ती ओळखण्याची खूण: सुमारे ८०० हर्ट्झचा एकसुरी नाद पाचेक सेकंद, मग कर्कश खरखर. खराब रेकॉर्डिंग समजून अशा कॅसेटी पुसल्या जातात. त्यात बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराचा धोका आहेच. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात पाणी भरले होते. भिजलेली किंवा बुरशी धरलेली कॅसेट तशीच वाजवू नये.

कॅसेट उतरवून घेण्याची रीत अशी: प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवत, खरखर सर्वांत धारदार ऐकू येईल तिथे थांबावे. हेडफोनच्या तोंडातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार जोडावी; लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबी ऑडिओ ॲडॉप्टर लागतो. डॉल्बी (प्लेअरची खरखर कमी करण्याची सोय) बंद ठेवावे, आणि संगणकाची आवाज आपोआप स्वच्छ करण्याची सोयही बंद करावी, कारण तिच्या लेखी हा सगळा प्रोग्राम म्हणजे निव्वळ गोंगाट असतो. ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल पुरते. फ्यूजसोबतच्या साधनांनी तिची टॅप किंवा टीझेडएक्स, म्हणजे इम्युलेटरला वाचता येणारी फाइल होते. टीझेडएक्समध्ये प्रत्येक स्पंदाची लांबी नोंदता येत असल्याने वेगळ्या पद्धतीने भरलेल्या कॅसेटींना ती योग्य.

कॅसेटवरील माहितीच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी एक तपासणी-बाइट असतो. तो जुळला नाही की 'आर टेप लोडिंग एरर' हा संदेश येतो. अशा वेळी त्याच प्रोग्रामची दुसरी प्रत शोधावी. सावध माणसे एकच प्रोग्राम दोनदा किंवा कॅसेटच्या दोन्ही बाजूंना भरून ठेवत. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध झाली. इथेही तोच मार्ग, एका प्रतीत गळलेला भाग दुसरीतून भरून काढायचा. टॅप फाइल नीट चालली तरी वेव्ह फाइल पुसू नये. पुढे अधिक चांगले वाचक-प्रोग्राम येतील आणि आज न उलगडलेला खंड त्यांना वाचता येईल. फाइलच्या नावात लिहिणाऱ्याचे नाव, वर्ष आणि कॅसेटची बाजू घालावी, आणि कव्हरवर पेनाने काही लिहिलेले असेल तर त्याचाही फोटो सोबत ठेवावा.